फांगच्या यादीतली रिकामी जागा

घैसास सरांनी मला शंभरपैकी एकतीस गुण दिले.

सहा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवले. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं आकडा लिहिला होता आणि त्याला नीट गोल केला होता.

"म्हणजे नापास?" मी विचारलं.

"चार गुणांनी. अक्षर सुवाच्य आहे म्हणून एकतीस, खटावकर. नाहीतर पंचवीसवरच थांबलो असतो."

त्या सहा कागदांवर त्यांची नोकरी अवलंबून होती. दुपारी तीन वाजता ते संस्थेच्या समितीपुढे ठेवायचे होते, आणि हा माणूस सकाळी स्टाफरूममध्ये बसून ते परीक्षेच्या पेपरासारखे तपासत होता. समासात शेरेही मारले होते. 'पुनरुक्ती.' 'हे कशावरून?' 'भावना ठीक, मुद्दा कुठे?'

ही गोष्ट १९६२ सालच्या नोव्हेंबरातली, साताऱ्यातली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, नुकतीच एम. ए. झाले होते आणि सरांच्या टिपणांची व्यवस्था बघत होते. येत्या जूनपासून मला कॉलेजात ट्यूटरची जागा द्यायचं कबूल झालं होतं.

घैसास सर वाईच्या एका पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे जुनं तर्कशास्त्र, शिकलेले. बाविसाव्या वर्षी ते शांतिनिकेतनात जाऊन चिनी शिकले, पुढे दोन वर्षं पेकिंगला राहिले आणि पुस्तकांची एक ट्रंक घेऊन परत आले. आमच्या कॉलेजात ते जगाचा इतिहास शिकवत. मुलं त्यांना 'चिनीशास्त्री' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. जुनं राज्य कोसळल्यावर चीनमधल्या शिक्षकांनी, संपादकांनी, विचार करणाऱ्या साध्या माणसांनी काय काय विचार केला, हा त्यांचा विषय. त्यावरचा ग्रंथ ते अकरा वर्षं लिहीत होते.

त्यांची कामाची रीत पाठशाळेतली होती. न्यायशास्त्रात आधी विरोधकाची बाजू मांडायची असते, ती पूर्वपक्ष. मग आपलं उत्तर, तो उत्तरपक्ष. सर म्हणायचे, पूर्वपक्ष असा मांडावा, की विरोधकानं ऐकून म्हणावं, अरे, मला स्वतःला इतकं चांगलं जमलं नव्हतं. तोवर उत्तर द्यायचा आपल्याला अधिकार नाही. त्यांनी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती. तिला दोन कप्पे, डावीकडे पूर्वपक्ष, उजवीकडे उत्तरपक्ष. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुठ्ठ्यांची कार्डं कापून ती विचारवंतांच्या नावानं दोन्हीकडे लावायची, हे माझं काम.

त्या विचारवंतांतला एक होता फांग वेइलान. नदीकाठच्या एका लहान गावातला शाळामास्तर. १९२३ साली त्यानं एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की देश म्हणजे पेटलेलं घर आहे. पेटल्या घरात शंका विचारणारा माणूस आग लावणाऱ्याइतकाच धोक्याचा. म्हणून सगळ्यांनी आपापल्या शंका एका पेटीत घालाव्या, कुलूप लावावं आणि घर वाचल्यावर पेटी उघडावी. हे नुसतं लिहून तो थांबला नाही. आपल्या शाळेतल्या एकेचाळीस मुलांकडून त्यानं तशी प्रतिज्ञा लिहून घेतली आणि त्यांच्या सह्यांचा ठसा निबंधाच्या शेवटी छापला.

ती यादी सरांना पाठ होती. अथर्वशीर्ष म्हणावं तशी ते ती म्हणत. शेवटची सही अकरा वर्षांच्या एका मुलीची होती. तिची अक्षरं चौकटीबाहेर गेली होती. सर त्या ठशावर बोट ठेवून म्हणायचे, "हिला काहीतरी विचारायचं होतं बघा."

त्या नोव्हेंबरात वाचनालयानं सरांची दोन दिवसांची व्याख्यानं ठेवली होती. सीमेवर लढाई पेटलेली. चीन म्हणजे काय आहे ते कुणीतरी जाणकारानं सांगावं, असं लोकांनाच वाटत होतं. सरांनी फांग निवडला. पहिल्या दिवशी पूर्वपक्ष, दुसऱ्या दिवशी उत्तरपक्ष. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं, आज मी नाही, फांग बोलणार आहे. आणि मग तासभर फांग बोलला. "मी म्हणतो, एक आवाज हवा. मी म्हणतो, शंका घेणाऱ्याचं तोंड आधी बंद करा." सर एरवी मंद बोलणारे, पण पूर्वपक्षात त्यांच्या अंगात यायचं. मी पुढच्या रांगेत बसून टिपून घेत होते आणि माझ्याच अंगावर काटा येत होता.

आमच्या गावातल्या जुन्या श्रोत्यांना ही रीत माहीत होती. पण एका सायंदैनिकाचा बातमीदार नवा होता आणि दहा मिनिटं उशिरा आला होता. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'चीनसारखी एकमुखी शिस्त आपल्याकडेही हवी : प्रा. घैसास.'

दुसरं व्याख्यान रद्द झालं. कुणीतरी सरांच्या सायकलीची हवा सोडली. सरांनी पंपानं भरली. मग सायकलच गेली. कॉलेजच्या फाटकावर मुलं घोषणा देत उभी राहिली. त्यांतली निम्मी सरांच्या वर्गातली होती, आणि सर त्यांना नावानिशी हाक मारून आत वर्गात यायला सांगत होते.

संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब निकम. त्यांची बाजू मी आधी सांगते, कारण मला तसंच शिकवलं आहे. आबासाहेबांनी स्वतः डोक्यावर दगड वाहून कॉलेजची पहिली इमारत उभी केली होती. पुस्तकं त्यांनी फार वाचली नव्हती, पण पुस्तक वाचणाऱ्याला पाहून ते उभे राहत. घैसास सरांना त्यांनीच आणलं होतं. त्यांचा पुतण्या सैन्यात, नेफाच्या आघाडीवर होता, आणि पंधरा दिवस त्याचं पत्र नव्हतं. घरात बायका जेवत नव्हत्या. गावात रोज कुणी ना कुणी येऊन विचारत होतं, आबा, तुमच्या पैशानं चिन्यांचं कौतुक चाललंय व्हय? अशा माणसानं काय करावं? त्यांनी समिती नेमली आणि सरांची पेटी ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मीही त्या दिवसांत जवानांसाठी स्वेटर विणत होते.

आमचे प्राचार्य भिडस्त होते, पण मनानं चांगले. त्यांनी एक तोड काढली. सरांच्या दुसऱ्या व्याख्यानाची टिपणं समितीपुढे ठेवायची. त्यांत फांगला चोख उत्तर असणारच. ते वर्तमानपत्राला दिलं की झालं. त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली आणि टिपणं काढून आणायला सांगितलं.

मी पेटी उघडली. डावीकडे फांगची चौसष्ट कार्डं होती. उजवीकडे फांगच्या नावाचा पुठ्ठा होता आणि त्यामागे काहीच नव्हतं.

मला वाटलं, कार्डं दुसरीकडे लागली असतील. सगळा कप्पा पालथा घातला. माझ्या हातची व्यवस्था, चूक व्हायला जागा नव्हती. अकरा वर्षांत सरांनी फांगविरुद्ध एक ओळही लिहिलेली नव्हती.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. घरी जाऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि फांगला उत्तर लिहून काढलं. सरांच्या भाषेत, सरांच्या वळणानं. सहा कागद झाले. प्राचार्यांनी वाचले, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, हेच, अगदी हेच हवं होतं. त्यांनी ते सरांकडे नजरेखालून घालायला पाठवले. त्याचे मला एकतीस गुण मिळाले.

"सर, हे तपासायला दिलं नव्हतं," मी म्हटलं. "हे तीन वाजता दाखवायचंय."

"ते कळलं मला. पण बघा ना, तुमचा सगळा भर कशावर आहे? फांगला पुढे त्याच्याच लोकांनी गप्प बसवलं, त्याची शाळा बंद झाली, तो हाल होऊन मेला. खरं आहे. पण माणसाचं वाटोळं झालं म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, खटावकर. पुष्कळ शहाण्यांचं वाटोळं होतं."

"मग त्याला उत्तर काय?"

"मला सापडलेलं नाही."

ते इतक्या सहज म्हणाले, की मला राग आला. मी विचारलं, उत्तर नव्हतं तर दोन दिवसांचं व्याख्यान कबूल कशाला केलंत? ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर उभं राहून तेच सांगणार होतो, की अकरा वर्षं शोधतो आहे, तुमच्यापैकी कुणाला सुचतंय का पाहा. मग त्यांनी कागदांची घडी घालून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मी ते परत मागितले. म्हणाले, तपासलेला पेपर विद्यार्थ्याला परत देत नाहीत.

तीन वाजता ऑफिसात आम्ही सहा जण होतो. आबासाहेब, समितीचे दोन सभासद, प्राचार्य, सर आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मी. आबासाहेबांनी दाढी केलेली नव्हती. पत्र अजूनही आलेलं नाही, हे त्यावरून सगळ्यांना कळलं.

प्राचार्यांनी घाईघाईनं सांगून टाकलं, की दुसऱ्या व्याख्यानाची टिपणं आहेत आणि त्यांत खंडन आहे. सर म्हणाले, तशी टिपणं नाहीत. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग आबासाहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. माफी मागा असं त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी सरांचा मान राखला होता. एवढंच होतं, की युद्ध संपेपर्यंत आपण चीन या विषयावर बोलणार, लिहिणार, शिकवणार नाही, आणि संस्थेच्या व देशाच्या धोरणाबद्दल कोणतीही शंका उपस्थित करणार नाही. खाली सरांचं नाव आणि सहीची जागा. त्याखाली माझंही नाव होतं, कारण जूनपासून मी त्याच विभागात येणार होते.

सरांनी तो दोनदा वाचला. विचारलं, बातमी चुकीची आहे हे आपल्याला मान्य आहे ना? आबासाहेब म्हणाले, मान्य आहे, मी स्वतः चार माणसांना विचारलंय. मग सही कशासाठी, असं सरांनी विचारलं.

 आबासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"सर, घर पेटलंय. पेटल्या घरात कोण शंका इचारत बसतंय? तुमी इचारा, जन्मभर इचारा, मी सोता तुमास्नी हॉल बांधून देतो. पण आदी आग इजू द्या. तवर तुमच्या शंका त्या पेटीत ऱ्हाऊ द्या. कुलूप लावलंय मी. इजली की माज्या हातानं काढतो."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलानं अचानक बरोबर उत्तर द्यावं, तसा आनंद होता तो.

"खटावकर," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घेतलंत?"

मी नकारार्थी मान हलवली. 

"आबासाहेब, हे फांगचं म्हणणं आहे. अगदी हेच. घर, आग, पेटी, कुलूप. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं."

एक सभासद ताडकन उठला. म्हणाला, आबांना चिनी म्हणता? आबासाहेबांनी त्याला हातानं खाली बसवलं, पण त्यांचाही चेहरा बदलला होता.

"मी आबासाहेबांना प्रामाणिक माणूस म्हणतोय," सर म्हणाले. "फांगही प्रामाणिक होता. लबाडाला उत्तर देणं सोपं असतं. मी अकरा वर्षं त्याच्याशी मनातल्या मनात भांडतोय. आज तो माझ्यासमोर बसलाय, आणि त्याचा पुतण्या बेपत्ता आहे."

 बाहेर फाटकावर मुलांच्या घोषणा चालल्या होत्या.

"मग?" आबासाहेबांनी विचारलं. आवाज खाली आला होता. "काय उत्तर दिलंत त्याला?"

"आजवर काहीच नाही. मी पुस्तकात शोधत होतो. फांगच्या निबंधात चूक कुठे आहे ते शोधत होतो. निबंधात चूक नाहीच. त्याच्या मागे यादी आहे, एकेचाळीस सह्यांची. तिच्यात एकही जागा रिकामी नाही." त्यांनी टाइप केलेला कागद उचलून आबासाहेबांसमोर ठेवला. "फांगला कुणीतरी एकानं, तोंडावर, आदर राखून, नाही म्हणायला हवं होतं. ते कुणी म्हटलं नाही. म्हणून मी म्हणतो. मी सही करत नाही."

"नोकरी जाईल सर."

"जाईल."

"मला घालवायची न्हाई वो," आबासाहेब म्हणाले.

"ते मला माहीत आहे. तुमच्याकडेही दुसरा इलाज नाही."

प्राचार्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कागद उचलून माझ्यासमोर आणला आणि स्वतःचं पेन उघडून दिलं. हळूच म्हणाले, तुमचा काही प्रश्न नाही बाई, तुम्ही करून टाका, विभागात कुणीतरी राहायला हवं.

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला आजही खात्री आहे, की ते मुद्दाम बाहेर बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर माझं जे काही व्हायचं ते त्यांच्यामुळे झालं असतं.

शूर वाटत होतं असं नाही.  आईला काय सांगायचं, हे डोक्यात होतं. आणि त्याच वेळी ती अकरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आली, चौकटीबाहेर गेलेल्या अक्षरांची. तिला जे विचारायचं होतं ते तिनं कधीतरी विचारलं असेल का, असं मनात आलं. मी पेनाला टोपण लावलं.

"माझाही नकार लिहून घ्या," मी म्हटलं.

"पोरी, इचार कर," आबासाहेब म्हणाले.

"आबासाहेब, तोच तर करू नका असं त्या कागदावर लिहिलंय."

समितीतला तो सभासद मला काहीतरी बोलला. ते मी विसरले आहे. आबासाहेब मात्र हसल्यासारखे झाले, क्षणभरच. मग त्यांनी टोपी घातली, खिशातून कपाटाची दुसरी किल्ली काढली, स्वतः उठून पेटी बाहेर आणली आणि सरांच्या हातात दिली.

"घिऊन जावा. उद्या कुणी मागायला आलं तर मला न्हाई म्हणता यायचं न्हाई. तुमच्यावानी."

पेटी जड होती. एक कडी सरांनी धरली, एक मी. फाटकावरच्या मुलांनी आम्हाला पाहिलं आणि घोषणा वाढल्या. सर थांबले, पेटी खाली ठेवायला लावली आणि पुढच्या मुलाला म्हणाले, "साळुंखे, उद्यापासून मी नाही. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचं तिसरं प्रकरण राहिलंय, ते स्वतः वाचा. परीक्षेला येतं." आम्ही पेटी उचलली. मुलांनी वाट दिली.

एका आठवड्यानं लढाई थांबली. आबासाहेबांचा पुतण्या मे महिन्यात परत आला, बारीक झालेला, पण धड. तोवर सर वाईला गेले होते. तिथे ते संस्कृतच्या शिकवण्या करत आणि ग्रंथ लिहीत. आबासाहेबांनी त्यांना परत बोलावलं होतं असं म्हणतात. सर त्यांना एकदाच भेटायला गेले, चहा घेतला आणि परत आले.

मला कॉलेजात पुन्हा कुणी विचारलं नाही. मी डी. एड. केलं आणि कोरेगावजवळच्या एका शाळेत लागले. चौतीस वर्षं पाचवीचा वर्ग घेतला. अकरा वर्षांची मुलं. माझ्या वर्गात भांडण झालं, की आधी गण्यानं बाळ्याची बाजू सांगायची, आणि बाळ्या जोवर "हां, आसंच" म्हणत नाही तोवर गण्याला स्वतःची सांगता येत नसे. निम्मी भांडणं तिथेच मिटत. उरलेली खरी असत. त्यांना मी वेळ देत असे. हजेरीपटात मागे मी मुलांच्या प्रश्नांसाठी पानं ठेवली होती. उत्तर मला येत नसेल, तर समोरची जागा कोरी ठेवायची, आणि ती कोरी आहे हे वर्गाला दाखवायचं. तपासणीला आलेले साहेब विचारत, बाई, हे रिकामं का? मी म्हणे, शोध चालू आहे.

सर गेले ते ऐंशी साली. ग्रंथ पुरा झाला नाही. त्यांच्या भाच्यानं ती सागवानी पेटी एस.टी.नं माझ्याकडे पाठवली. वर चिठ्ठी होती, मामांनी सांगितलं होतं, व्यवस्था खटावकरांनी लावलेली आहे, त्यांनाच द्या.

मी फांगचा उजवा कप्पा उघडला. पुठ्ठ्यामागे माझे सहा कागद होते, घडी तशीच. लाल पेन्सिलीचा आकडा जराही पुसट झाला नव्हता. एकतीसचे बत्तीसही केले नव्हते.

त्यांच्यामागे एकच कार्ड होतं, सरांच्या बारीक अक्षरात.

'फांग वेइलान. उत्तरपक्ष. सातारा, नोव्हेंबर १९६२. सही न करणारे : दोन.'